घटक ४ : चरित्रलेख – फ्रित्यॉफ नान्सेन : अनिकेतांचा प्रतिनिधी

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला

• फ्रित्यॉफ नान्सेन यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• निर्वासितांची जबाबदारी राष्ट्रांनी वाटून घ्यावी, या विचाराचा उगम स्पष्ट करता येईल.
• नान्सेन यांच्या कार्याचे यश आणि मर्यादा यांची चर्चा करता येईल.
• चरित्रनायकाच्या आयुष्यातील वरवर भिन्न वाटणाऱ्या कार्यांमागील एकसूत्रता शोधता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चरित्र म्हणजे केवळ घटनांची जंत्री नव्हे. एका व्यक्तीच्या आयुष्यातून तिच्या काळापुढील प्रश्न दिसू लागला, की चरित्राला अर्थ प्राप्त होतो. या घटकात आपण अशाच एका व्यक्तीचा परिचय करून घेणार आहोत. नॉर्वेचे फ्रित्यॉफ नान्सेन हे जगाला प्रथम ठाऊक झाले ते ध्रुवप्रदेशाचे धाडसी संशोधक म्हणून. परंतु वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी एक निराळेच कार्य हाती घेतले. ज्यांना देश उरला नव्हता, ज्यांच्यापाशी ओळख सांगणारा कागददेखील नव्हता, अशा लक्षावधी माणसांचे दायित्व कोणाचे, हा प्रश्न त्यांनी राष्ट्रांच्या दरबारात मांडला. त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर त्यांना मिळाले नाही. तथापि पुढील शंभर वर्षांत या विषयावर जो विचार झाला, त्याची पायवाट त्यांनीच पाडली.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ जडणघडण आणि हिमप्रदेशाची ओढ

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी नॉर्वेची राजधानी क्रिस्तियानिया (आजचे ऑस्लो) हिच्या परिसरात झाला. वडील वकील होते. घरातील शिस्त कडक होती. घराभोवती अरण्य होते आणि हिवाळ्यात सर्वत्र बर्फ. बर्फावरून घसरत दूरदूरचे अंतर तोडण्याची कला त्यांनी लहानपणीच आत्मसात केली. विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्र हा विषय निवडला. १८८२ मध्ये सीलच्या शिकारीस निघालेल्या एका जहाजातून त्यांनी उत्तर ध्रुवसागराचे प्रथम दर्शन घेतले. त्याच वर्षी ते बर्गेन येथील संग्रहालयात रुजू झाले. कनिष्ठ सागरी जीवांच्या चेतासंस्थेवर त्यांनी केलेले संशोधन मौलिक होते. चेतापेशी हे परस्परांपासून स्वतंत्र घटक आहेत, या मताच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांत त्यांची गणना होते.

१८८८ मध्ये त्यांनी पाच सोबत्यांसह ग्रीनलंडचा अंतर्भाग ओलांडला. यापूर्वीच्या प्रवाशांनी वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरण्याचा प्रयत्न केला होता. संकट आले की माघारी फिरण्याची सोय त्यात होती. नान्सेन यांनी उलट मार्ग धरला. निर्जन पूर्व किनाऱ्यावर उतरायचे आणि पश्चिमेकडील वस्तीच्या दिशेने चालायचे. परतीचा रस्ता नसल्यामुळे पुढे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. मोहीम यशस्वी झाली. परंतु वर्षातील शेवटचे जहाज निघून गेल्याने सर्वांना तो हिवाळा ग्रीनलंडमध्येच काढावा लागला. त्या काळात नान्सेन स्थानिक इन्यूट लोकांत राहिले, त्यांची जीवनपद्धती शिकले आणि पुढे त्यांच्यावर ग्रंथही लिहिला.

यानंतरची ‘फ्राम’ जहाजाची मोहीम (१८९३-९६) तर दंतकथाच बनून राहिली. सैबेरियाच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या एका जहाजाचे अवशेष काही वर्षांनी ग्रीनलंडजवळ सापडले होते. यावरून ध्रुवसागरातील हिम पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत असले पाहिजे, असा तर्क नान्सेन यांनी बांधला. गोलसर तळाचे जहाज बांधवून त्यांनी ते मुद्दाम हिमात अडकवले. बर्फाच्या दाबाखाली ते चिरडले न जाता वर उचलले जाईल, अशी त्याची रचना होती. अनेक जाणकारांनी ही योजना म्हणजे आत्मघात ठरवली. पण तर्क खरा ठरला. १८९५ च्या वसंतात यालमार योहान्सेन या सोबत्यासह जहाज सोडून ते पायी निघाले आणि ८६ अंश १४ मिनिटे या अक्षांशापर्यंत पोहोचले. तोवर इतक्या उत्तरेस कोणीही गेलेले नव्हते. परतताना दोघांनी दगड आणि वॉलरसच्या कातड्यांच्या झोपडीत, अस्वलाच्या मांसावर गुजराण करीत, एक संपूर्ण ध्रुवीय हिवाळा काढला. १८९६ मध्ये ते मायदेशी आले, तेव्हा ते राष्ट्रपुरुष झालेले होते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
रिकाम्या जागा भरा.
(अ) नान्सेन यांनी १८८८ मध्ये ………… हे बेट ओलांडले.
(आ) हिमात अडकवण्यासाठी बांधलेल्या जहाजाचे नाव ………… हे होते.

४.२.२ संशोधकाकडून राजदूताकडे

१९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून विभक्त झाला. या नवस्वतंत्र राष्ट्राचा लंडनमधील पहिला प्रतिनिधी म्हणून नान्सेन यांनी १९०६ ते १९०८ या काळात काम पाहिले. १९०७ च्या अखेरीस पत्नी एव्हा यांचे निधन झाले. १९१३ मध्ये धाकटा मुलगा गेला. या काळात ते सागरविज्ञानाच्या अध्यापनात आणि संशोधनात स्वतःला गुंतवून घेत होते. पहिल्या महायुद्धात नॉर्वे तटस्थ होता, तरी सागरी नाकेबंदीमुळे तेथे धान्याची टंचाई भासू लागली. तेव्हा १९१७ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन त्यांनी देशासाठी अन्नपुरवठ्याचा करार घडवून आणला. उपाशी माणसांच्या प्रश्नात मुत्सद्देगिरीला किती किचकट वाटा चालाव्या लागतात, याचा हा त्यांचा पहिला धडा होता.

युद्धानंतर राष्ट्रसंघाची स्थापना झाली. लहान राष्ट्रांना न्याय मिळेल असे हेच एक व्यासपीठ आहे, अशी नान्सेन यांची धारणा होती. १९२० पासून मृत्यूपर्यंत ते तेथे नॉर्वेचे प्रतिनिधी होते.

४.२.३ युद्धकैदी आणि दुष्काळ : दोन अनुभव

एप्रिल १९२० मध्ये राष्ट्रसंघाने त्यांच्याकडे युद्धकैद्यांना घरी पोहोचवण्याचे काम सोपवले. युद्ध थांबून दीड वर्ष लोटले होते, तरी लक्षावधी सैनिक रशिया, सैबेरिया आणि मध्य युरोपातील छावण्यांत खितपत पडले होते. मॉस्कोतील नवे सरकार राष्ट्रसंघाला मानावयास तयार नव्हते. नान्सेन या व्यक्तीशी बोलण्यास मात्र त्याची तयारी होती. नान्सेन यांनी या वैयक्तिक विश्वासाचा पुरेपूर उपयोग केला. निरनिराळ्या सरकारांकडून कर्जे उभी केली, जहाजे मिळवली, बाल्टिक आणि काळ्या समुद्रातून मार्ग ठरवले. १९२२ पर्यंत सुमारे ४ लाख २७ हजार कैदी आपापल्या घरी परतले. राष्ट्रांनी थोडाथोडा भार उचलला, तर अशक्य वाटणारे कामही अल्प खर्चात पार पडते, हे यातून सिद्ध झाले.

दुसरा अनुभव याच्या नेमका उलट होता. १९२१ मध्ये व्होल्गा नदीच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. मदतकार्याचे प्रमुखपद स्वीकारून नान्सेन सप्टेंबरमध्ये राष्ट्रसंघाच्या सभेपुढे उभे राहिले आणि त्यांनी सरकारांकडे ५० लाख पौंडांची मागणी केली. अमेरिका खंडात धान्याचा अतिरिक्त साठा होता, अर्जेंटिनात मका इंधन म्हणून जाळला जात होता, युरोपच्या बंदरांत जहाजे रिकामी उभी होती. या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या तर माणसे वाचतील, असा त्यांचा साधा युक्तिवाद होता. परंतु मदत दिल्याने सोव्हिएत राजवट बळकट होईल, या भीतीने सरकारांनी नकार दिला. खाजगी देणग्या आणि मुख्यतः अमेरिकन मदतसंस्थेच्या बळावर पुष्कळ जीव वाचले. तरीही काही दशलक्ष माणसे मृत्युमुखी पडली. हा नकार नान्सेन यांच्या मनाला कायमचा लागला. राष्ट्रांची सहानुभूती त्यांच्या हितसंबंधांच्या कुंपणापाशी येऊन थांबते, हे त्यांना उमगले. पुढील सर्व योजना त्यांनी हे सत्य गृहीत धरूनच आखल्या.

४.२.४ कागदाचे मोल : नान्सेन पारपत्र

राज्यक्रांती आणि यादवी युद्ध यांमुळे दहा लाखांहून अधिक रशियन देशाबाहेर विखुरले गेले होते. त्यांत पराभूत सैनिक होते, शेतकरी होते, प्राध्यापक, वैद्य आणि अनाथ मुलेही होती. कॉन्स्टँटिनोपल शहरात तर जहाजांतून उतरलेल्यांची दाटी झाली होती. जी राष्ट्रे भूगोलाने जवळ, त्यांच्यावरच सारा भार पडत होता. आणि नेमकी तीच राष्ट्रे युद्धाने निर्धन झालेली होती. १ सप्टेंबर १९२१ पासून रशियन निर्वासितांचे उच्चायुक्त म्हणून नान्सेन काम पाहू लागले. या नेमणुकीला एक विचित्र अट जोडलेली होती. राष्ट्रसंघ केवळ कार्यालयीन खर्च देणार होता. निर्वासितांच्या अन्नवस्त्रासाठी त्याच्या तिजोरीतून छदामही मिळणार नव्हता. जबाबदारी सोपवली, पण साधने दिली नाहीत, असा हा प्रकार होता.

डिसेंबर १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारने परागंदा झालेल्यांपैकी बहुतेकांचे नागरिकत्व रद्द केले. आता ही माणसे कोणत्याच राज्याची राहिली नाहीत. युद्धोत्तर युरोपात सीमा ओलांडण्यासाठी पारपत्र अनिवार्य झाले होते. एका देशात काम नाही आणि दुसऱ्या देशात कामगार हवेत, अशी स्थिती असूनही कागदाअभावी निर्वासित जागच्या जागी अडकून पडले. नान्सेन यांनी या कोंडीचे मर्म ओळखले. जुलै १९२२ मध्ये जिनिव्हा येथे परिषद भरवून त्यांनी सरकारांची एका सामाईक ओळखपत्राला संमती मिळवली. निर्वासित ज्या देशात असेल तेथील सरकारने ते द्यावे आणि इतरांनी ते ग्राह्य मानावे, अशी ही व्यवस्था होती. लवकरच ते ‘नान्सेन पारपत्र’ या नावाने ओळखले जाऊ लागले. पुढे पन्नासहून अधिक सरकारांनी त्याला मान्यता दिली आणि सुमारे साडेचार लाख माणसांना ते मिळाले. कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव आणि संगीतकार इगोर स्त्राविन्स्की यांच्यापाशीही हेच पारपत्र होते. १९२४ मध्ये आर्मेनियन आणि १९२८ मध्ये असिरियन व अन्य काही निर्वासितांपर्यंत ही सोय विस्तारली.

या योजनेत काय नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे. पारपत्राने नागरिकत्व मिळत नसे. कोणत्याही देशावर निर्वासिताला प्रवेश देण्याचे बंधन नव्हते. किंबहुना कागद देणाऱ्या देशात परत येण्याचा हक्कदेखील आरंभी नव्हता. १९२६ च्या करारात परतीच्या परवान्याची शिफारस झाली. त्याच वर्षापासून पारपत्रावर पाच सुवर्ण फ्रँकचे तिकीट लावण्याची पद्धत आली. ऐपत असलेल्या निर्वासिताने ते घ्यावे आणि त्या पैशातून गरीब निर्वासिताला मदत व्हावी, अशी ही कल्पना होती. सरकारे निधी देईनात, तेव्हा निर्वासितांनीच निर्वासितांचा भार उचलला, असे म्हणावे लागते.

प्रवेशाची सक्ती करता येत नाही, हे ओळखून नान्सेन यांनी गरजांचा मेळ घालण्याचा मार्ग धरला. महायुद्धात मनुष्यबळ गमावलेल्या फ्रान्सला खाणी, शेती आणि कारखाने यांसाठी हात हवे होते. तेथे कामगार गेले. चेकोस्लोव्हाकियाने विद्यार्थी आणि विद्वान यांच्यासाठी दारे उघडली. बल्गेरिया आणि सर्बांच्या राज्याने सैनिकांना आश्रय दिला. १९२५ पासून काही वर्षे रोजगाराचे काम आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयाने सांभाळले. प्रत्येक देशाने आपापल्या शक्तीनुसार वाटा घ्यावा, या तत्त्वाचा हा पहिला व्यापक प्रयोग होय. त्याचा दोषही उघड होता. सुदृढ आणि कुशल माणसांना मागणी असे. वृद्ध, आजारी आणि अपंग मात्र मागेच राहत.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) राष्ट्रसंघाने उच्चायुक्तपदाला कोणती आर्थिक मर्यादा घातली होती?
(आ) पारपत्रावरील तिकिटाचा पैसा कशासाठी वापरला जाई?

४.२.५ ग्रीस : एक वादग्रस्त निर्णय

सप्टेंबर १९२२ मध्ये स्मर्ना शहर आगीत भस्मसात झाले आणि ॲनातोलियातील ग्रीक लोकांचे लोंढे ग्रीसकडे लोटले. वर्षभरातच दहा लाखांहून अधिक माणसे त्या लहानशा देशात आली. नान्सेन यांनी ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा प्रस्ताव मांडला. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे त्यासंबंधीचा करार झाला. अदलाबदल सक्तीची होती आणि तिचा निकष होता धर्म. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान यांना त्यांच्या पूर्वजांच्या भूमीला कायमचे मुकावे लागले. त्यांपैकी बहुसंख्य ख्रिस्ती कराराआधीच पळून आले होते. म्हणजे करार त्यांच्या परतीचा मार्ग बंद करणारा ठरला.

निर्वासितांच्या कैवाऱ्यानेच सक्तीच्या स्थलांतरास हातभार लावावा, हा या चरित्रातील सर्वांत क्लेशदायक विरोधाभास आहे. आणखी कत्तली टळाव्यात आणि रिकाम्या झालेल्या जमिनींवर हिवाळ्यापूर्वी माणसे वसवता यावीत, हा नान्सेन यांचा हेतू होता, असे त्यांचे समर्थक म्हणतात. घर सोडण्याची इच्छा नसलेल्या माणसाला कराराच्या बळावर निर्वासित करण्याचा पायंडा यामुळे पडला, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. १९४७ ची फाळणी ज्यांच्या स्मरणात आहे, अशा भारतीय वाचकाला या दोन्ही बाजूंचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

पुनर्वसनाच्या बाबतीत मात्र ग्रीसचे उदाहरण बोधप्रद ठरले. राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने १९२३ मध्ये स्वतंत्र आयोग स्थापन झाला आणि पुढील वर्षी आंतरराष्ट्रीय कर्ज उभारण्यात आले. ग्रीसने जमीन दिली, बाहेरून भांडवल आले आणि नवी गावे वसली. मात्र ते अनुदान नव्हते, कर्ज होते. ज्या गरीब देशाने पाचांत एक या प्रमाणात निर्वासितांना सामावून घेतले, त्यालाच ते व्याजासह फेडावयाचे होते. याला भाराची वाटणी म्हणावे की भाराची उधारी, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे.

४.२.६ सन्मान, आर्मेनिया आणि अखेर

१९२२ मध्ये नान्सेन यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची रक्कम त्यांनी मदतकार्यासाठी वापरली. १९२५ मध्ये ते सोव्हिएत आर्मेनियात गेले. महायुद्धकाळातील संहारातून वाचलेले आर्मेनियन सीरिया, लेबनॉन आणि ग्रीस येथील छावण्यांत दिवस कंठीत होते. कालवे खोदून ओसाड जमीन लागवडीखाली आणली, तर त्यांपैकी काही हजारांना आर्मेनियात वसवता येईल, अशी योजना त्यांनी सादर केली. मोठ्या राष्ट्रांनी युद्धकाळात आर्मेनियनांना दिलेली आश्वासने पाळण्याची ही संधी आहे, असे ते वारंवार बजावत राहिले. कर्जाची हमी देण्यास कोणीही पुढे आले नाही. वर्षानुवर्षे विनवण्या करूनही योजना बारगळली. हजारो आर्मेनियनांना मग सीरिया आणि लेबनॉनमध्येच स्थिर करण्याचे काम त्यांच्या कार्यालयाने हाती घेतले.

१३ मे १९३० रोजी आपल्या राहत्या घरी नान्सेन यांचे निधन झाले. १७ मे या नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.

४.२.७ मूल्यमापन

त्यांच्या मागे राष्ट्रसंघाने ‘नान्सेन कार्यालय’ स्थापन केले. १९३८ मध्ये या कार्यालयासही शांततेचे नोबेल पारितोषिक लाभले. त्याच वर्षी एव्हियाँ येथे ज्यू निर्वासितांसाठी ३२ देशांची परिषद भरली. सहानुभूती सर्वांनी व्यक्त केली. दारे मात्र बहुतेकांनी बंदच ठेवली. नान्सेन ज्या कुंपणाशी झगडले, ते तसेच उभे होते, याचा हा दारुण पुरावा होय. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात निर्वासितांच्या प्रवासपत्राची तरतूद झाली. काही देशांवर अवाजवी भार पडू शकतो आणि आंतरराष्ट्रीय सहकार्यावाचून प्रश्न सुटणार नाही, याचाही त्याच्या प्रस्तावनेत उल्लेख आहे. पण कोणी किती वाटा उचलावा, याचे बंधन त्यात नाही. २०१८ मधील जागतिक निर्वासित आराखडाही स्वेच्छेवरच आधारलेला आहे.

संशोधक नान्सेन आणि उच्चायुक्त नान्सेन हे दोन निराळे पुरुष नव्हेत. हिमाशी झुंज न घेता त्याच्या प्रवाहाबरोबर जाणारे जहाज त्यांनी बांधले. राष्ट्रांच्या स्वार्थाशी समोरासमोर टक्कर न घेता त्यातूनच वाट काढणारी योजनाही त्यांनीच आखली. या पद्धतीने जे साधले ते मोठे होते. मात्र समुद्रातील प्रवाहाला निश्चित दिशा असते. राष्ट्रांच्या स्वार्थाला ती नसते. त्यामुळे जेथे कोणाचाच स्वार्थ नव्हता, तेथे ही पद्धती निष्फळ ठरली. आर्मेनियाची योजना याची साक्ष आहे. म्हणूनच सद्भावना आणि सोय यांच्या पलीकडे जाणारे, सर्वांवर बंधनकारक असे न्याय्य वाटप हवे, हा निष्कर्ष त्यांच्या यशापेक्षाही त्यांच्या अपयशातून अधिक स्पष्टपणे निघतो.

४.३ सारांश

ध्रुवप्रदेशाचे संशोधक, प्राणिशास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी असलेल्या नान्सेन यांनी १९२० नंतर युद्धकैदी, दुष्काळग्रस्त आणि निर्वासित यांच्यासाठी कार्य केले. सामाईक ओळखपत्र, देशांच्या क्षमतेनुसार निर्वासितांची विभागणी आणि पुनर्वसनासाठी आंतरराष्ट्रीय भांडवल या तीन कल्पना त्यांच्या काळात प्रथमच प्रत्यक्षात आल्या. निधीचा अभाव, प्रवेशाच्या बंधनाचा अभाव आणि ग्रीस-तुर्कस्तान करारातील सक्ती या त्यांच्या कार्याच्या मर्यादा होत.

४.४ शब्दार्थ

अनिकेत – ज्याला घर नाही असा. पारपत्र – परदेश प्रवासासाठीचे अधिकृत ओळखपत्र. परागंदा – देशोधडीस लागलेला. दायित्व – जबाबदारी. छदाम – अगदी क्षुल्लक रक्कम. पायंडा – पुढे अनुसरली जाणारी रीत.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) ग्रीनलंड (आ) फ्राम
प्रश्न २ : (अ) केवळ कार्यालयीन खर्च मिळे, प्रत्यक्ष मदतीसाठी निधी दिला जात नसे. (आ) गरीब निर्वासितांच्या साहाय्यासाठी.

४.६ स्वाध्याय

१. नान्सेन यांच्या संशोधनकार्यात आणि निर्वासितकार्यात दिसणारी एकसूत्रता सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘नान्सेन पारपत्राने निर्वासिताला ओळख दिली, हक्क दिला नाही.’ या विधानाची चर्चा करा.
३. चरित्रनायकाचा वादग्रस्त निर्णय चरित्रकाराने कसा हाताळावा? ग्रीसच्या प्रसंगाच्या आधारे आपले मत मांडा.

क्षेत्रीय कार्य : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांतून उल्हासनगर उभे राहिले. यांपैकी एका ठिकाणाची अथवा आपल्या परिसरातील अशाच वस्तीची माहिती मिळवा. तेथे आलेल्यांचा भार कोणी, किती आणि कसा उचलला, यावर दोन पृष्ठांचा लेख लिहा.